सातवी बरणी

लॉकडाऊनमध्ये नेदरलँड्समधल्या आल्मेरेच्या बोटींच्या धक्क्यावर रोज दुपारी एक डच म्हातारा दिसायचा. शिडाच्या बोटीतली डिझेलची टाकी साफ करायचा. हातपंपाने गाळ उपसून काचेच्या बरणीत भरायचा, दिवसाला एकच बरणी. मी जवळ गेलो की अंतर राखायला दीड मीटरचं वल्हं आडवं धरायचा. पहिली बरणी काळीकुट्ट होती, दुसरी जराशी निवळ. पुढे मीटिंगमध्येही माझ्या डोक्यात उद्याची बरणीच असायची.

"पण सध्या जाणार कुठे?" मी विचारलं.

"जाता येईल त्या दिवशी मी टाकी धूत बसणार नाही."

सातव्या दिवशी त्याने बरणी तोंडासमोर धरली. डिझेलच्या आरपार त्याचं हसू दिसलं.

भारतात जाणारी विमानं बंदच होती. तरी मी धावत घरी गेलो आणि माळ्यावरची बॅग काढून पुसली.