सैन्यात निवडलेल्या पोराच्या घरची झडती

ती झडती काही केल्या डोळ्यांसमोरून हलत नाही. आयुष्यभर खाकी घातली, खून पाहिले, दरोडे पाहिले. पण निवृत्तीनंतर घरात एकटा बसलो की नेमकी हीच केस आठवते. तिच्यात ना आरोपी होता ना मुद्देमाल, तरी एका पोराची सैन्यातली नोकरी हातची गेली. नावं सांगणार नाही. माणसं आहेत अजून.

शहाद्याकडच्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. हद्दीतल्या गावातला एक पोरगा लष्करभरतीत लेखी आणि मैदानी दोन्ही पास झाला होता. फक्त वैद्यकीय तपासणी राहिली होती. बाप लहानपणीच वारलेला, आईनं कापूस वेचून एकटीनं वाढवलेला. गावानं वेशीवर त्याचा फोटो लावून अभिनंदनाचा फलकसुद्धा टांगला. आपल्याकडे दम कुठे धरतात!

त्याच आठवड्यात ठाण्यात फोन आला. बाईचा आवाज, तोंडावर पदर धरून बोलल्यासारखा. "तो भरतीवाला पोऱ्या गोया खास. गोठाना वेळूमा देखा." नाव विचारलं तर फोन बंद. गोया म्हणजे गोळ्या, खास म्हणजे खातो. झोपेच्या असतात, नशेसाठी खातात, बाजारात त्यांना कुत्ता गोळी म्हणतात. आमच्या भागात या गोळीनं चांगली चांगली पोरं वाया घालवली. मी म्हटलं, कोणाची तरी जळते आहे. गावात एकाचं भलं झालं की चार घरांच्या पोटात दुखतं. पण खबर ती खबर. डायरीत नोंद केली, दोन पंच घेतले, महिला शिपाई घेतली आणि गेलो.

गोठ्याच्या छपराला आडवा वेळू होता. त्याच्या पोकळीतून गोळ्यांची दोन रिकामी पाकिटं निघाली. वरची चांदी काळी पडलेली, वर कोळ्याचं जाळं. गोळी एकही नाही. कोणीतरी खाऊन फार दिवस झाले होते. पोराला त्याच्या संमतीनं सरकारी दवाखान्यात नेलं, लघवीची तपासणी झाली. निरंक.

पण मला दुसरंच काहीतरी खुपत होतं. पोलीस दारात आले की आई आधी ओरडते, शिव्या घालते, पाया पडते. निदान विचारते तरी, माझ्या पोरानं काय केलं? मी शेकडो झडत्या घेतल्या, या प्रश्नाशिवाय एकही गेली नाही. ही बाई खांबाला धरून गप्प उभी होती. काय शोधताय, एवढंसुद्धा तिनं विचारलं नाही.

पोराला ठाण्यात समोर बसवलं, चहा दिला. चहा दिला की निम्मी चौकशी सोपी होते. त्यानं काही लपवलं नाही. बारावीला शहाद्यात खोली घेऊन एकटा राहायचा, तिथे दोस्तांनी सवय लावली. घरी यायचा तेव्हा गोळ्या गोठ्यातल्या वेळूत लपवायचा. आईला कळलं तेव्हा तिनं त्याला घरी आणलं, दिवसभर सोबत शेतात नेलं, उंबऱ्यात आडवी झोपली. सहा-सात महिन्यांत सुटलं. मग धावायला लागला.

"फोनवर खबर आली होती. ती जागा आणखी कोणाला माहीत होती?"

"कोणालेच नही, साहेब. फक्त..."

तिथेच त्याची जीभ थांबली. तोंडावरचा रंग उडाला. मग म्हणाला, "साहेब, फोन कोणी करा ते माले समजनं, हाई मायले कळू देऊ नका."

मी शब्द दिला. तुझ्यावर गुन्हा दाखल नाही, माझ्या अहवालात तेवढंच जाईल, असंही सांगितलं. तो म्हणाला, "तपासणीत डॉक्टरांनी विचारलं तर?" मी म्हटलं, "खरं सांगितलंस तर बहुतेक घरी पाठवतील. खोटं सांगून आत गेलास आणि पुढे उघडकीस आलं, तर फसवणुकीचा डाग घेऊन घरी येशील. ठरव तुझं तू."

दुसऱ्या दिवशी आई आली, एकटीच. समोर बसेना. उभ्या उभ्याच म्हणाली, फोन मीच केला, वेळूतल्या गोळ्या तेव्हा मलाच सापडल्या होत्या. "तठे फौजमा तो एखला पडी, साहेब. परत गोया खाई. तठे मी कोठे?"

"बाई, ही भीती त्याच्यासाठी की तुमच्यासाठी?"

"दोन्ही," ती म्हणाली. मग डोळे पुसून तिनंही तेच मागितलं. पोऱ्याले सांगू नका. मी तिलाही शब्द दिला. दुसरं काय करणार होतो?

पोरानं डॉक्टरांना सगळं खरं सांगितलं. अपात्र ठरला. ठाण्यात येऊन मला सांगून गेला. रडला नाही, फक्त पुन्हा पुन्हा टोपी चुरगाळत होता. आईला काय सांगितलंस, विचारलं. "तपासणीत नापास झालो, एवढंच."

पुढे माझी बदली झाली, मग निवृत्ती. बायको गेली, मुलं पुण्याला. गेल्या वर्षी शहाद्याच्या स्टँडवर ती बाई भेटली. तिनंच ओळखलं. मुलगा साखर कारखान्यावर लागलाय म्हणाली. कामावरून येतो, जेवतो, झोपतो. फार बोलत नाही. मग एकदम हुंदका फुटला तिला. "मीच पोऱ्याना घात करा, साहेब. मन्हा त्या फोननी."

माझ्यानं राहवलं नाही. चौकशीत माणसाला बोलतं करायची विद्या मी जन्मभर वापरली, आणि इथे एका घरातल्या दोन माणसांना मुकं ठेवायची हमी देऊन बसलो होतो. असला शब्द पाळण्यात कसली आलीय इमानदारी? म्हटलं, "बाई, तुमच्या फोननं काही झालं नाही. डॉक्टरांनी विचारलं आणि त्यानं स्वतः खरं सांगितलं."

तिनं विचारलं, "फोन मी करा, हाई त्याले माहीत शे?"

"पहिल्या दिवसापासून."

स्टँडवर एवढा गोंगाट, पण ती अगदी हळू बोलली तरी मला स्पष्ट ऐकू आलं. "मंग तो मन्हा हातनी भाकर कसा खाई ऱ्हायना, साहेब?"

"मला नका विचारू, त्याला विचारा," मी म्हटलं. "आजच विचारा." तिची एसटी लागली, ती घाईघाईनं चढली. माझी नंदुरबारची गाडीही लागली आणि सुटली. मी बाकावर बसूनच राहिलो. घरी जाऊन काही विचारावं असं मला कोणी उरलं नव्हतं.