कानामागचा रंग

म्हाळूआबा पिल्लाचा कान उलटा करून पाहत. कानामागची लव बोटानं विंचरत, फुंकर घालून मुळाशी दिसणारा रंग बघत आणि सांगत, हे मोठेपणी कसं निघणार. पिल्लू जन्मतं काजळासारखं. पहिल्या उन्हाळ्यात केस झडले की आतून कधी तांबडं, कधी वाळल्या गवताच्या रंगाचं कुत्रं बाहेर येतं. आमच्या कवठ्यात हे सगळ्यांनी पाहिलेलं, पण आधी सांगणारा माणूस एकच. पार दौंडकडच्या खुटबावहून पाहुणे येत आणि पिल्लू आबांच्या मांडीवर ठेवत. आबा एकदा सांगत. मग ते कुत्रं बघायला पुन्हा कधी जात नसत. आपलाच शब्द तपासायला जाणं त्यांना कमीपणाचं वाटे.

त्र्याहत्तरच्या दिवाळीत त्यांच्याच कुत्रीला दोन पिल्लं झाली. दोन्ही काळी, दोन्हींच्या शेपटीचं टोक पांढरं. एक शेजारच्या सोपानरावांना दिलं. हे तांबडं होईल, म्हणाले. दुसरं ओढ्यापलीकडं हौसरावांच्या मळ्यावर गेलं. ते काळंच राहील, असं आबांनी चारचौघांत सांगितलं.

पुढच्या वर्षी मार्गशीर्षात खंडूला कुत्रं चावलं. खंडू म्हणजे आबांचा जावई. आबांना लेक एकच, अंजना, म्हणून तो त्यांच्याच घरी राही. दिवस मावळताना गवताचा भारा घेऊन ओढ्याकाठानं येत होता. कुत्र्यानं पोटरी फोडली आणि ते पळालं. तांबडं होतं, शेपटीचं टोक पांढरं होतं, एवढं त्यानं नीट पाहिलं.

शिरूरच्या डॉक्टरांनी पोटात चौदा सुया सांगितल्या, रोज एक. कुत्रं ओळखीचं असेल तर बांधून ठेवा, म्हणाले. दहा दिवस धड राहिलं तर भीती नाही. पण तोवर सुया चुकवू नका.

आबांनी सोपानरावांचं तांबडं निघालेलं कुत्रं बांधायला लावलं आणि रोज त्याच्यासमोर जाऊन बसले. ते भाकरी खात होतं, पाणी पीत होतं. इकडं खंडूचं पोट सुजून दगड झालं होतं, एसटीचा प्रत्येक धक्का त्याच्या डोळ्यांत पाणी आणत होता. पाचव्या सुईनंतर त्यानं आबांना विचारलं, आता बास करू का? कुत्रं ठणठणीत आहे, आबा म्हणाले, उगा जिवाचे हाल कशाला.

अंजना चुलीपाशी होती.

"आबा, हौसरावांच्या मळ्यातलं बी एकदा बघून या."

"ते काळं हाय."

"बघून तरी या."

"मी सांगितलंय न्हवं, काळं हाय म्हणून."

सहाव्या दिवशी खंडू शिरूरला गेला नाही. दहाव्या दिवशी आबांनी सोपानरावांच्या कुत्र्याला गूळभाकरी घालून स्वतःच्या हातानं सोडलं.

माघात खंडूच्या घशाखाली पाणी उतरेना. तांब्या दिसला की त्याचं अंग आखडे. अंजनानं घरातल्या सगळ्या भांड्यांवर फडकी टाकली. वाऱ्याची झुळूक आली तरी तो भिंतीकडं सरके. तिसऱ्या दिवशी तो गेला.

तेरावा झाल्यावर आबा ओढा ओलांडून मळ्यावर गेले. हौसराव घरी नव्हते. त्यांची बायको साळूबाई शेणी थापत होती. काळं कुत्रं कुठं दिसत नाही, आबांनी विचारलं.

"काळं? ल्हानपणी व्हतं काळं," साळूबाई म्हणाली. "तुमी सांगितलं म्हणून आमी बी वाट बघितली. पर उन्हाळ्यात केस झडलं आन् तांबडं निघालं."

मार्गशीर्षात ते पिसाळलं, बैलाच्या अंगावर धावलं, तेव्हा गड्यांनी काठ्यांनी मारून पुरलं, असंही तिनं सांगितलं. त्याआधी ते दोन दिवस कुठं भटकत होतं, कुणाला ठाऊक नव्हतं. त्याच्या गळ्यातली दोरी गोठ्यात खुंटीला होती. आबांनी ती मागून घेतली.

वाटेत ओढा होता. दोरी पाण्यात टाकली असती तर गावात कुणी विचारलं नसतं. आबांनी ती घरी आणून अंजनासमोर ठेवली.

"हौसरावांचं कुत्रं," ते म्हणाले. "तांबडं व्हतं."

अंजनानं दोरीच्या गाठीत अडकलेला एक केस ओढला, दारातल्या उजेडाकडं धरला. मुळापासून टोकापर्यंत तांबडा.

"दोन मैलांवर तर मळा व्हता, आबा," ती म्हणाली.

त्यानंतर आबा चार वर्षं जगले. अंजनानं दोन्ही वेळा त्यांना भाकरी वाढली, एक वाकडा शब्द बोलली नाही. कुणी पिल्लू घेऊन आलं तर आबा हात घोंगडीत ओढून घेत. दोरी मात्र अंजनानं टाकली नाही. दाराजवळच्या खुंटीला लावली. आबा आत-बाहेर जात ते त्या दोरीखालून.