गप्प बसलेल्यांची नोंद

पत्नी गेली तेव्हा तिचं पुस्तक शेवटच्या प्रकरणापाशी अडलेलं होतं. पर्यावरणावरच्या आंतरराष्ट्रीय वाटाघाटींमध्ये ती मागे बसून माणसं पाहायची. मसुद्यातल्या एका शब्दासाठी कोण अडून बसतं, कोण मान डोलावतं, कोण नेमक्या वेळी उठून बाहेर जातं, हाच तिचा अभ्यास. मी गोंदियात एका कॉलेजचा ग्रंथपाल होतो. प्रकाशकांनी विचारलं, आहे तेवढंच छापायचं का? मी उत्तर महिनाभर लांबवलं.

केशोरीजवळच्या एका गावातल्या बायकांना तिनं शब्द दिला होता, की वाटाघाटींत काय पाहिलं ते येऊन सांगेन. गावच्या बोडीचं, म्हणजे लहान तळ्याचं, पाणी या बायका बैठक घेऊन वाटतात. त्या बैठकांनाही ती अनेक वर्षं जात होती. निदान तिचा शब्द तरी पाळावा, म्हणून तिच्या वह्या आणि मी उतरवलेली त्यांची स्वच्छ प्रत पिशवीत घालून मी बसनं गेलो.

समाजमंदिरात आठ-दहा जणी जमल्या होत्या. मी खुर्ची शोधू लागलो.

“भाऊजी, बाई तर आमच्यासंगं खालीच बसे. तुमाले काऊन खुर्ची लागते?” एक म्हातारी म्हणाली.

“गुडघे दुखत असतीन त्यायचे,” शेजारची म्हणाली. सगळ्या हसल्या. मी खाली बसलो आणि प्रत वाचू लागलो. शेवटच्या दिवशी अध्यक्ष विचारतात, कोणाची हरकत? सभागृह गप्प राहतं. हातोडी पडते, ठराव मंजूर होतो.

“थांबा,” म्हातारीनं अडवलं. “गप बसले म्हणजे हो म्हटलं का?”

“तिथं तसंच धरतात.”

“अन् ज्यायचे गाव समुद्रात बुडून राहिले, तेबी गपच?”

“तेही.”

“आमच्या इथं एक जरी गप राहिली, त पाणी सोडत नाही. दुसऱ्या दिवशी तिच्या घरी जाऊन विचारतो, काऊन गप होती वं? हिच्या घरी त तीनदा गेलो.”

“तीनदा चहा पेल्या, ते सांग ना,” शेजारची म्हणाली.

मला हसू आलं नाही. पत्नीची टिपणं मीच स्वच्छ उतरवून देत असे. प्रत्येक हातोडीनंतर ती सभागृहाबाहेर जाऊन कोणाकोणाला गाठायची, कधी दोनदा, कधी तीनदा. ‘तुम्ही गप्प का होता?’ हा एकच प्रश्न. पुस्तकासाठी ही प्रत उतरवताना ती उत्तरं मी इकडच्यातिकडच्या गप्पा समजून गाळली होती. आजारपणात तिला ती प्रत तपासता आली नाही, आणि मलाही काही चुकतंय असं वाटलं नाही. शेवटचं प्रकरण तिनं त्या उत्तरांतच लिहून ठेवलं होतं, तुकड्यातुकड्यांनी.

प्रकाशकांना थोडं थांबा म्हणून कळवायचं, एवढं ठरलं.

“तीही बाहेर जाऊन त्यांना हेच विचारायची,” मी म्हणालो.

“मंग काय म्हणले ते?” म्हातारीनं विचारलं.

मी मूळ वही काढली. घाईत लिहिलेलं तिचं अक्षर लागेना.

“सावकाश वाचा,” ती म्हणाली. “धानाची रोवणी झाली आमची, आता फुरसत आहे.”