सबनीस डॉक्टरांचा डावा हात

सबनीस डॉक्टरांचा चेहरा आता मला धड आठवत नाही, पण त्यांचा डावा हात अजून डोळ्यांसमोर आहे. त्या हाताची मागची बाजू कधी माणसाच्या रंगाची नसायची. अंगठ्याजवळ तोंडात लावायच्या जांभळ्या औषधाचा डाग, त्याला लागून गंधकाच्या मलमाचा पिवळा, मनगटाकडे आयोडीनचा तपकिरी. कुणाच्याही अंगाला औषध लावायचं झालं की ते पहिल्यांदा स्वतःच्या या हाताला लावायचे. "आधी माझ्या हाताला, मग तुझ्या," हे त्यांचं वाक्य. संध्याकाळी दवाखाना आवरला की मी स्पिरिटची बाटली आणि कापूस पुढे ठेवायची, ते हात खसाखसा पुसायचे आणि मगच डबा उघडायचे. जांभळा डाग काही जायचा नाही. "हा माझ्याबरोबर चितेवर येणार," म्हणायचे.

साठच्या दशकातली ही गोष्ट. मी पालघरजवळच्या माहीमची. नर्सिंग शिकून सातपाटीच्या दोन खोल्यांच्या दवाखान्यात नोकरीला लागले, तेव्हा डॉक्टर तिथे आधीपासून होते. सडे, पन्नाशीला आलेले, गोरे आणि भयंकर तापट. सुकत घातलेल्या मासळीचा वास त्यांना शेवटपर्यंत सोसला नाही. वारा किनाऱ्याकडून आला की नाकाला रुमाल लावून गावाला शिव्या घालायचे, आणि तोच रुमाल खिशात कोंबून कुणाच्या तरी घरी पोराचा कान बघायला धावायचे. हे दोन्ही त्यांना एकाच मिनिटात जमायचं.

आमच्याकडे मोठे आजार कमी, अंगावरचे फार. दिवसभर खाऱ्या पाण्यात राहिलेले हातपाय, पोरांचे वाहणारे कान, आलेली तोंडं, कमरेचा नायटा. नायट्याचं मलम असं झोंबायचं की दर्यात वादळाला न भिणारा माणूस आमच्या बाकावर उभा राहून नाचायचा. डॉक्टर त्याला आपला हात दाखवायचे. "मलाही झोंबतंय रे! मी नाचतोय का?" जांभळ्या औषधाला पोरं तोंड उघडत नसत. मग हा गृहस्थ आधी आपल्याच जिभेला ते फासून पोरासमोर जीभ बाहेर काढायचा. पोर हसलं की बोळा आत. कानाचे थेंब मात्र ते हाताला लावत नसत. बाटली डाव्या मुठीत धरून पोराच्या आईशी गप्पा मारत बसायचे. मी नवी होते तेव्हा घाई करायची, तर म्हणाले, "थंड थेंब कानात गेले की पोराला गरगरतं, नर्सबाई. माझ्या हाताची ऊब कशासाठी आहे? लग्न तर केलं नाही."

त्यांचं आणखी एक म्हणणं होतं. लोक दुखणं लपवायचे. बाया तर पदर सरकवायला तयार नसत. डॉक्टर तोंड फिरवून बसायचे आणि भिंतीला सांगितल्यासारखं म्हणायचे, "न दाखवलेल्या जागी औषध लावता येत नाही." यातही सगळ्यांत लपवलं जाणारं दुखणं म्हणजे खरूज. ती कुणाच्याच घरी नसायची. "खाऱ्या पाण्याची खाज हाय" असं म्हटलं की झालं.

यमुना अशीच आली होती. धर्मा नावाच्या मच्छीमाराची ही थोरली मुलगी. लग्न दातिवऱ्याला ठरलेलं. पण साखरपुड्याच्या दिवशी ती पदराआड बोटं खाजवताना सासूच्या नजरेला पडली. सासूला महारोगाची शंका आली. तिनं निरोप पाठवला, पाडव्यापर्यंत मुलीचं अंग स्वच्छ झालं तर हळद, नाहीतर आम्ही दुसरीकडे बघू. गावात हे बोभाटलं असतं तर पोरीचं दुसरं लग्नही जमलं नसतं. तिची आई, हिरूबाई, आमच्यासमोर बसून नुसती रडत होती.

"खरूज आहे," डॉक्टर म्हणाले. "बरी होते. पण एकट्या पोरीला लावून उपयोग नाही. घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी लावायचं, मानेपासून पायाच्या नखापर्यंत, आणि कपडे-गोधड्या उकळायच्या." ते दुधासारखं पांढरं औषध होतं, उग्र वासाचं. घरात सगळ्यांनी गुपचूप लावलं. सगळ्यांची खाज गेली, यमुनाचीही गेली, आणि थोड्या दिवसांत फक्त यमुनाची परत आली. पुन्हा औषध, पुन्हा तेच. डॉक्टर हिरूबाईवर असे ओरडले की बाहेर बसलेली माणसं उठून गेली. "गोधड्या उकळल्या नाहीत तुम्ही!" ती बिचारी शपथा घेत होती. यमुना खाली मान घालून पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत होती. शिमगा तोंडावर आला होता, पाडवाही लांब नव्हता.

मग एका दुपारी जानकीकाकी तोंड आलं म्हणून आली. ही यमुनाची सख्खी काकी, धर्माच्या भावाची, बाबूची बायको. दोन्ही भावांची घरं एका भिंतीची, पण बोलणं कित्येक वर्षं बंद. भांडण कशावरून, तर नव्या होडीला बापाचं नाव द्यायचं की आईचं! तेवढ्यावरून होडी बिननावाची राहिली आणि एकमेकांच्या उंबऱ्यावर पाय ठेवायचा नाही अशी दोघांनी आपापल्या बायकापोरांना शपथ घातली. डॉक्टरांनी सवयीप्रमाणे जांभळं औषध आधी आपल्या हाताला लावलं आणि बाटली काकीच्या हातात धरायला दिली. देताना त्यांची नजर तिच्या बोटांच्या बेचक्यात गेली. बारीक पुटकुळ्या होत्या, त्याच.

"हे कधीपासून?"

"खाऱ्या पाण्याची हाय ती."

"तुमच्याजवळ कोण झोपतं?"

काकीनं बाटली खाली ठेवली आणि हात पदराखाली घेतला. डॉक्टरांनी तोंड भिंतीकडे फिरवलं आणि आपलं नेहमीचं वाक्य म्हटलं. त्यावर तिचा बांध फुटला. तिला मूल नव्हतं. यमुनाला चालता येईपर्यंत तिनंच वाढवलेलं, मग भांडण झालं. आता दुपारी धर्मा किनाऱ्यावर असायचा, हिरूबाई पाटी घेऊन पालघरच्या बाजारात, बाबूही घरी नसायचा. तेवढ्या वेळात पोरगी मागच्या दारानं यायची. काकी तिचे केस विंचरायची, आणि दोघी एका गोधडीत पडायच्या.

"लहानपणापास्नं येते ती," काकी म्हणाली. "धर्माला कळलं तं तिला जीव जाईस्तवर मारील. लगीन झालं तरी मना तिचं तोंड बघू द्यायचा नाय. नी माझ्या घोवाला काय सांगू, खरूज कुठनं आली? डाक्तर, कोणला बोलू नका. मी नाय जात आता तिच्याजवळ."

"तुम्ही नाही जाणार. ती येईल," डॉक्टर म्हणाले.

काकी गेली. अडचण मलाही दिसत होती. काकीला औषध द्यावं तर बाबूलाही लावायला हवं, आणि त्या वासाचं औषध भिंतीच्या दोन्ही बाजूंना लागलं की गल्लीतल्या पोरालाही हिशोब कळला असता. न द्यावं तर यमुनाचं लग्न गेलंच. मी म्हटलं, आपण धर्माला समजावून सांगू. "आणि पोरीला मार खाऊ घालू?" डॉक्टर खेकसले.

शिमग्याला सगळ्या होड्या किनाऱ्याला लागतात. एरवी निम्मे पुरुष दर्यावर, पण त्या दिवसांत प्रत्येक घर भरलेलं. होळीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर मला औषधाच्या बाटल्या घ्यायला लावून धर्मा-बाबूच्या गल्लीत गेले. माणसं ओट्यांवर जाळी दुरुस्त करत बसली होती. डॉक्टर मधोमध उभे राहिले.

"ऐका रे! मला खरूज झालीय."

जाळ्यांवरचे हात थांबले. एक म्हातारा म्हणाला, "कोणला? डाक्तरला?"

"हो, डॉक्टरला! डॉक्टरला कातडी नसते काय? या गल्लीतल्या घराघरात मी कान बघितलेत, पोरं मांडीवर घेतलीत. म्हणजे माझ्याकडून ती तुमच्यापैकी कुणालाही गेली असेल. आता कोणाला आली आणि कोणाला नाही हे मी विचारत बसणार नाही. आज सगळी गल्ली औषध लावणार. आधी माझ्या अंगाला."

आणि त्या गोऱ्यापान, सोवळ्यातल्यासारख्या माणसानं भर गल्लीत सदरा काढला. बनियन काढला. पोरं खिदळायला लागली. "बाबू, माझा हात पाठीला पोचत नाही. ये, लाव," असं त्यांनी सरळ काकीच्या नवऱ्याला फर्मावलं. बाबू संकोचत उठला, पण डॉक्टरांना नाही कसं म्हणणार? त्यानं पाठभर औषध चोळलं. "आता तुझे हात भरलेच आहेत, तर स्वतःलाही लाव. धर्मा, बसलास काय, आता तू!" दुपारपर्यंत पुरुष झाले. बायकांना मी घराघरात लावलं. काकीला लावताना ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून हुंदके देत होती.

मी बाटली देताना डॉक्टरांचे हात जवळून बघितले होते. एरवीही रोज बघत होतेच. बोटांच्या बेचक्यात एक पुटकुळी नव्हती. परत येताना मी तसं म्हटलं. ते म्हणाले, "त्या दोघींना दाखवता येत नाही ना, मग कुणीतरी दाखवायला हवं. तुम्ही तोंड बंद ठेवा म्हणजे झालं."

गोधड्या उकळायला एवढं मोठं भांडं गल्लीत एकच होतं, जाळी टिकावीत म्हणून झाडाच्या लाल सालीत उकळायचं, सासऱ्याच्या वेळचं, आणि ते बाबूच्या अंगणात. त्यामुळे हिरूबाईला तिथे जावंच लागलं. दोघी जावा भांड्याच्या दोन बाजूंना काठ्या घेऊन उभ्या, तोंडं फिरवलेली. भांड्याला सालीचा रंग लागलेला होता हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. हिरूबाईनं काठीनं धर्माचा लेकीच्या लग्नासाठी शिवलेला पांढरा सदरा वर काढला, तो विटेसारखा लाल. तिनं सदऱ्याकडे बघितलं, जावेकडे बघितलं, आणि दोघी अशा हसत सुटल्या की काठ्या टाकून खालीच बसल्या. पुढे कितीतरी दिवस ती गल्ली लाल कपड्यांत फिरत होती. त्यात डॉक्टरांचा सदराही होता.

यमुनाचं अंग स्वच्छ झालं. दातिवऱ्याची सासू स्वतः येऊन, पोरीचे हात उजेडात धरून बघून गेली.

पण डॉक्टरांना ते महाग पडलं. ज्या मास्तरांच्या घरून त्यांचा डबा यायचा, तिथून तो बंद झाला. पालघरला त्यांच्या बरोबरीचे डॉक्टर हसले. ते त्यांनी हसण्यावारी नेलं. एक गोष्ट मात्र मनाला लागली. कान वाहणाऱ्या एका पोराला घेऊन आई आली. डॉक्टरांनी नेहमीसारखी थेंबांची बाटली मुठीत धरली, तर ती बाई पोराला मागे ओढून मला म्हणाली, "बाय, तुमीच घाला थेंब." डॉक्टरांनी मूठ उघडली. मग बाटली माझ्या हातात देऊन म्हणाले, "ऊबदार आहे अजून. लगेच घाला." मला त्या बाईला ओरडून सगळं सांगावंसं वाटलं. सांगितलं नाही. त्या दिवसापासून ते औषध हाताला लावीनासे झाले. रोग्याला मी लावायची, ते लांबून सांगायचे. डावा हात हळूहळू स्वच्छ होत गेला आणि मला तो बघवेना.

त्यातच त्यांची बदली बोईसरला झाली. तारापूरकडे मोठं बांधकाम निघालं होतं, हिंदी बोलणारे मजूर लोंढ्यानं येत होते, तिथे डॉक्टर हवा होता. त्यांची ट्रंक भरून झाली होती. निघायच्या आदल्या दिवशीच यमुनाची हळद होती. गल्लीतून वाजंत्र्यांचा आवाज येत होता. डॉक्टरांना बोलावणं आलं होतं, पण चारचौघांत आपल्याला बघून कुणी अंग चोरायला नको, म्हणून ते गेले नाहीत.

दुपारी दाराशी दोघी उभ्या राहिल्या. यमुना, आणि तिच्यामागे हळदीचं ताट घेतलेली जानकीकाकी. मागच्या दारानं नाही, भर उन्हात, गावातून चालत. हळद दळायला हिरूबाईनंच जावेला बोलावलं होतं. भाऊ अजून एकमेकांशी बोलत नव्हते, पण होडीच्या एका बाजूला बापाचं आणि दुसऱ्या बाजूला आईचं नाव रंगवून झालं होतं.

"अगं, नवरी अशी बाहेर पडते का? जा घरी," डॉक्टर खेकसले.

"देवाला लावून झाली हाय," यमुना म्हणाली. "मना अजून लागली नाय. हात द्या."

डॉक्टरांनी हात मागे घेतला. "मला खरूज झालेली, लोक काय म्हणतील?"

"काकीनं मना समदं सांगितलंय, डाक्तर."

तिनं त्यांचा डावा हात ओढून घेतला. ताटातली हळद बोटावर घेतली आणि अंगठ्याजवळ, त्या एवढ्याशा उरलेल्या जांभळ्या डागावर, भरपूर लावली.

"आदी तुमच्या हाताला," ती म्हणाली. "मंग माझ्या."

त्या गेल्यावर डॉक्टर भिंतीकडे तोंड करून बसले. संध्याकाळी मी रोजच्यासारखी स्पिरिटची बाटली आणि कापूस त्यांच्यापुढे ठेवला. काकीनं त्यांच्यासाठी भाकरी आणि गूळ ठेवून दिला होता. ती भाकरी त्यांनी उजव्या हातानं खाल्ली. बाटली तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी ते बोईसरला गेले, तेव्हा डावा हात पिवळाच होता.