दुसरी गोळी

ते ऑफिसच्या खिडकीपाशी उभे राहत, छत्री डाव्या खांद्याला लावत, उजवा डोळा मिटत आणि खाली एमआरटी स्टेशनातून बाहेर पडणाऱ्या एखाद्या माणसावर नेम धरत. मग म्हणत, "पहिली गोळी कुणीही मारतो रे. माणूस कळतो तो दुसरीला."

सिंगापुरात, वन-नॉर्थच्या ऑफिसात ते माझे साहेब होते. असा साहेब तुम्हीही पाहिला असेल. तो हसला की आपल्याला घाम फुटतो. मी पुण्याहून एम्प्लॉयमेंट पासवर आलेलो आणि पास वाढणं त्यांच्या सहीवर. त्यामुळे त्यांच्या शिकारकथा मी फार मन लावून ऐकत असे.

सिंगापुरात घरी बंदूक ठेवायची सोय नाही. ते दर वर्षी न्यूझीलंडला हरणांमागे जात आणि तिथल्या वाटाड्याची बंदूक वापरत. ती उजव्या हाताच्या माणसासाठी केलेली आणि साहेब पक्के डावखुरे. डाव्या हाताने चाप ओढायचा, मग तोच हात बंदुकीवरून पलीकडे नेऊन उजवीकडचा बोल्टचा दांडा मागे खेचायचा, तेव्हा कुठे नवं काडतूस आत जाणार.

एका वर्षी ते उतरलेल्या चेहऱ्याने परतले. हॉकर सेंटरात समोरचा भात तसाच निवत होता.

"हरिणीच्या मागच्या पायाला लागली," ते म्हणाले. "दुसरी मारेपर्यंत झाडीत शिरली. दोन दिवस शोधली. तडफडून मेली असणार. बंदूक उजवी होती रे, नाहीतर मी असं होऊ दिलं नसतं."

त्यांचे डोळे भरून आले होते. मला त्यांची मनापासून दया आली.

पुढचे सहा महिने माझे शनिवार त्यांच्यासाठी डावी बंदूक शोधण्यात गेले. दुकानांच्या याद्यांमध्ये डावखुऱ्यांसाठी जेमतेम एक पान, त्यातला निम्मा माल संपलेला. एक सापडली ती जड. दुसरीचा दस्ता त्यांच्या हाताला लांब. "बायको पण अशीच निवडलीस का?" ते सगळ्यांसमोर विचारत, आणि सगळे हसत. मीही हसत असे. शेवटी डावीकडे बोल्ट असलेली एक हलकी, सुबक बंदूक मिळाली. ती वाटाड्याच्या परवान्यावर तिकडेच ठेवली, आणि बक्षीस म्हणून त्यांनी मला बरोबर नेलं.

पहिली गोळी लागली. हरिणी खाली बसली. पुढच्या पायांवर उठायला बघत होती, मागचं अंग उचलत नव्हतं. साहेबांनी बोल्ट ओढला. काय झरकन ओढला! काडतूस आत गेलं, गाल दस्त्याला टेकला, आणि ते थांबले.

"सर, मारा ना."

"घाई कशाला? बघ तरी."

हरिणी ओरडत होती. अखेर वाटाड्याने शिवी हासडली आणि स्वतःच्या बंदुकीने तिला संपवलं. साहेब छान झोप झाल्यासारखे दिसत होते.

परतल्यावर माझ्या पासची मुदत संपत आली. "बघू या," ते रोज म्हणत. बायकोने हौगांगच्या फ्लॅटमधलं सामान बांधायला घेतलं, मुलीने शाळेत मैत्रिणींचा निरोप घेतला. शेवटच्या दिवशी, सगळं रडून झाल्यावर, त्यांनी सही केली. वर म्हणाले, "लिटिल इंडियातून पेढे आण." मी आणले.

दोन वर्षांनी त्यांना अर्धांगवायू झाला. डावी बाजू गेली. भेटायला गेलो तेव्हा वहिनी मला बसवून औषधं आणायला खाली गेल्या. पाण्याचा पेला पलंगाच्या डावीकडे होता, उजवा हात तिथवर पोचत नव्हता.

"पा... णी," ते म्हणाले.

मी पेला उचलला आणि हातातच धरून ठेवला.

"घाई कशाला, सर?"

ते ओठ चाटत राहिले. मला बरं वाटत होतं. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटत होतं. मग त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि ओठांच्या उजव्या कोपऱ्यातून हसले. कामात तयार झालेल्या माणसाकडे बघून साहेब हसतो तसे. लिफ्टचा आवाज आला तेव्हा मी पेला त्यांच्या तोंडाला लावला.

महिन्याभरात ते गेले. परवा वहिनींचा फोन आला. "भाऊ, वाटाड्याने विचारलंय, ती डावी बंदूक कुणी घेत नाही. काय सांगू?"

मी उजव्या हाताचा आहे. त्या बंदुकीने माझी दुसरी गोळी उशिराच सुटणार, आणि कुणी मला दोष देणार नाही.

"विकू नका म्हणावं," मी म्हणालो. "मी येतोय."