सुकलेलं जहाज

कोणाच्याही घरी गेले की कप्तान आधी दारावर दोन बोटांनी टकटक करायचे. दार सताड उघडं असलं तरी. आपण आलो हे सांगायला नाही, लाकूड कसं वाजतं ते ऐकायला. चहा उभ्यानेच प्यायचे. फारच आग्रह झाला तर बसायचे, आणि बोलता बोलता खुर्चीच्या सांध्यावरून अंगठा फिरवत राहायचे. लोकांच्या कानामागे पेन्सिल असते, त्यांच्या कानामागे सुताचा तुकडा असायचा. बायकोला ‘अगं’ म्हणायचे आणि जहाजाला ‘म्हातारे’. आवाज दोघींसाठी सारखाच, जरा चढा. फोटो काढायला कोणी उभं केलं की हात मागे लपवायचे, कारण नखांतलं डांबर जात नसे.

कप्तान हे नाव बंदर दाखवणाऱ्या गाईडने दिलेलं. खरं तर ते आयुष्यात एकदाही समुद्रावर गेले नव्हते. धक्क्यावरून पलीकडे जाणाऱ्या फेरीबोटीतसुद्धा त्यांच्या पोटात ढवळायचं. त्यांचं काम एकच. जुन्या बंदराच्या धक्क्याला बांधलेल्या लाकडी जहाजाच्या फटी भरायच्या आणि सकाळी फाटक उघडायच्या आत तळात साठलेलं पाणी पंपाने काढायचं.

त्या भागात पाहण्यासारखं बरंच आहे. जकातीची जुनी इमारत आता संग्रहालय झाली आहे. दोर वळायच्या लांबलचक शेडमध्ये कॉफीची दुकानं आली आहेत. दीपगृहाच्या जिन्यावर धापा टाकत लोक चढतात आणि वर जाऊन खालच्या लोकांना हात करतात. पण तिकिटावर चित्र असतं ते जहाजाचंच. एके काळी त्यातून धान्य जायचं, लाकूड जायचं. नंतर ते नुसतं उभं राहिलं, आणि लोक ते बघायला येऊ लागले.

एकतीस वर्षं कप्तानांनी त्याचं पाणी काढलं. रोज तळात वीतभर पाणी असायचं. नवीन कोणी विचारलं, की हे गळतंय वाटतं, तर ते चिडायचे.

“गळणारच. जुनं लाकूड आहे, काचेची बाटली नाही. तुम्हाला घाम येत नाही?”

एकतीस वर्षांत हे काम करताना त्यांना कोणी पाहिलं नाही. पाहुणे यायचे तेव्हा डेक कोरडं, पंप झाकलेला, आणि कप्तान मागच्या बाजूला डबा खात बसलेले. त्याचं त्यांना काही वाटत नसे. निदान वाटतं असं त्यांनी कधी म्हटलं नाही.

मग बंदराच्या सुशोभीकरणाचं ठरलं. जहाज उचलून शेजारच्या सुक्या गोदीत ठेवायचं, खालून बघता यावं म्हणून भोवती काचेचा पूल करायचा. दोन वर्षांनी, जहाजाला दीडशे वर्षं होतील तेव्हा, गोदीत पाणी सोडून ते पुन्हा तरंगवायचं. तिथल्या नव्या संचालक मॅडम हुशार होत्या, वयाने लहान होत्या आणि सगळ्यांशी नीट बोलायच्या. त्यांनी कप्तानांना नकाशा दाखवला.

“कसं वाटतंय, काका?”

“दिसायला छान आहे. पण सुकेल ती.”

“मग काय करायचं?”

“रोज खारं पाणी मारायचं. आतून, बाहेरून. गोडं नाही, गोड्याने कुजते.”

मॅडमनी लिहून घेतलं. दोन महिने पाणी मारलंही. मग काचेवर मिठाचे डाग पडू लागले. पाहुण्यांच्या कपड्यांवर थेंब उडू लागले. पाणी आधी एक दिवसाआड झालं, मग आठवड्यातून एकदा, मग पाइप गुंडाळून कोपऱ्यात गेला. लाकूड आक्रसलं. दोन फळ्यांमधून उजेड दिसू लागला. अभिप्रायाच्या वहीत एका गृहस्थाने लिहिलं, ‘पलीकडून माझी बायको दिसली. जहाजापेक्षा तीच बरी तरंगेल.’ गाईडने ते पान सगळ्यांना वाचून दाखवलं. कप्तान हसले नाहीत.

त्यावर मॅडमना एक कल्पना सुचली. फटी भरायच्याच आहेत, तर लोकांसमोर भरा. फाटकावर पाटी लागली. ‘जुन्या पद्धतीची फटभरणी. रोज अकरा आणि चार वाजता.’

काम तसं साधं दिसतं. सूत पिळून फटीत बसवायचं, त्यावर बोथट छिन्नी धरायची, लाकडी मोगरीने ठोकायचं, वरून डांबर. पण हे पाण्यात राहणाऱ्या जहाजाचं. सुकलेल्या जहाजात सूत हलकंच ठेवायचं असतं, बोटाने दाबल्यासारखं. उरलेली जागा लाकडाची. पाण्यात गेलं की लाकूड फुगतं आणि आपली जागा परत घेतं. ती जागा आपण भरून टाकली, तर त्याने फुगायचं कुठे? कप्तानांना हे त्यांच्या उस्तादाने पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. मोगरीचा दांडा पाठीत घालून शिकवलं होतं.

पहिल्या दिवशी त्यांनी बोटाने सूत दाबलं. काचेच्या पुलावर चाळीस माणसं उभी होती. एक बाई म्हणाल्या, “झालं? एवढंच?”

गाईड खाली वाकून कुजबुजला, “कप्तान, लोक कुठून कुठून आलेत. जरा आवाज तर काढा.”

कप्तानांनी मोगरी उचलली.

सुक्या गोदीच्या दगडी भिंतींत तो आवाज घुमतो. ठण् असा नाही, पोकळ आणि खोल. चाळीस माणसं गप्प झाली. कप्तानांनी फूटभर फट ठोकून भरली, डांबर ओढलं आणि मान वर केली, तर टाळ्या. त्यांनी मागे वळून पाहिलं. आणखी कोणी आलंय का, असं वाटलं त्यांना.

त्या संध्याकाळी ते घरी दोनदा म्हणाले, “लोक टाळ्या वाजवतात गं.”

दोन वर्षं हे चाललं. रोज अकरा, रोज चार. लाकूड आणखी सुकायचं, भरलेली फट पुन्हा किलकिली व्हायची, कप्तान तिच्यात आणखी एक पीळ ठोकायचे. टाळ्या व्हायच्या. त्यांनी नवा सदरा घेतला. हात लपवायचं सोडलं. लहान मुलांना डांबराची नखं दाखवू लागले. आपण काय करतोय हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. त्यांनी मनाशी एक ठरवून ठेवलं होतं. जहाज पाण्यात सोडायच्या महिनाभर आधी खेळ बंद करायचा आणि आकडा घालून जास्तीचं सूत काढून टाकायचं. एक महिना पुरतो. म्हणजे रोज ठोकायला हरकत नाही.

त्यांची बायको गाद्या-उशांच्या खोळी शिवायची. एकदा ती चारच्या खेळाला आली. सगळं नीट बघितलं. घरी जाताना म्हणाली, “अहो, मागच्या वेळी आले तेव्हाही याच फटीत भरत होतात.”

“मग?”

“एवढं मावतं कुठे? उशीत कापूस जास्त झाला की शिवण उसवते.”

“लाकूड सुकतंय. जागा होतेय.”

“आणि ओलं झाल्यावर?”

कप्तानांनी पावलं भरभर टाकली. मग म्हणाले, “तू तुझ्या उशा बघ.”

ती हसली. “बघते. माझ्या उशांना कोणी टाळ्या वाजवत नाही म्हणून शिवण तरी टिकते.”

समारंभाची तारीख ठरली तेव्हा भरतीचं गणित आड आलं. जहाज तरंगवायला लागणारी मोठी भरती धरलेल्या दिवसापेक्षा पाच आठवडे आधीच होती. कप्तानांच्या हातात महिना नाही, नऊ दिवस उरले.

ते मॅडमच्या खोलीच्या दाराशी गेले. दोन बोटांनी टकटक केली. काय म्हणायचं ते वाटेत घोकून ठेवलं होतं. फटी जास्त भरल्यात. माझी चूक आहे. तारीख पुढे ढकला.

“या, या! तुम्हालाच बोलावणार होते,” मॅडम म्हणाल्या. टेबलावर निमंत्रणपत्रिकांचा गठ्ठा होता. वरच्या पत्रिकेवर कप्तानांचा फोटो होता, हातात मोगरी, मागे जहाज. “अहो काका, बंदरात या दोन वर्षांत लोक काय बघायला आले माहितीये? तुम्हाला. दीपगृहसुद्धा मागे पडलं.”

कप्तानांनी पत्रिका हातात घेतली.

“तुम्ही काही सांगायला आला होतात?”

“नाही,” ते म्हणाले. “सहज.”

नऊ दिवस पहाटेपासून त्यांनी जमेल तेवढं सूत काढलं. जमलं उजव्या बाजूचं, तेही अर्धं. डाव्या बाजूला हात लागला नाही. आणि त्या नऊ दिवसांतही अकरा आणि चारचा खेळ चालूच होता. जे पहाटे काढायचं तेच चारला ठोकायचं. खेळ बंद करा एवढंसुद्धा त्यांच्या तोंडून निघालं नाही.

पाणी सोडलं त्या सकाळी धक्क्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. जहाज हललं, ठोकळ्यांवरून उचललं गेलं, तरंगलं. बँड वाजला. मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. कप्तान तळात उतरले. तळ कोरडा ठणठणीत होता. लोक म्हणाले, काय हात आहे! गाईड म्हणाला, “कप्तान, थेंब नाही. आता पंप विकून टाका.” कप्तान खाली बसून राहिले. जहाज पाण्यात असताना तळ कोरडा त्यांनी एकतीस वर्षांत कधी पाहिला नव्हता. सुकलेलं जहाज पहिल्या दिवशी गळायलाच हवं. 

तिसऱ्या दिवशी दुपारी डेकवर शाळेची सहल होती. खालून मोठा आवाज आला, मोठी फांदी मोडावी तसा. मुलांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, खेळ सुरू झाला.

लाकूड फुगलं होतं आणि त्याला जागा नव्हती. फळ्यांनी एकमेकींना रेटलं, खिळ्यांसकट आतल्या फासळ्यांवरून त्या सुटल्या. पाचव्या दिवसापर्यंत डाव्या बाजूच्या अकरा फासळ्या मोडल्या. पाणी पंपाने आवरेना. गोदी पुन्हा रिकामी केली, जहाज ठोकळ्यांवर बसवलं, आणि ते एका कुशीवर कललं.

तज्ज्ञ आले. त्यांनी अहवाल लिहिला. लाकडाचं वय, सुकण्याचा काळ, पाण्याचं तापमान. भरणीबद्दल एक ओळ होती, ‘पारंपरिक पद्धतीने, कौशल्याने केलेली.’ कप्तानांनी ती ओळ दोनदा वाचली.

“मॅडम, हे चूक आहे. माझ्यामुळे झालं. मी जास्त भरलं.”

“काका, स्वतःला दोष देऊ नका.”

“दोष नाही देत. सांगतोय.”

“अहवाल वर गेलाय. आणि मीच खेळ सुरू केला ना? मीच पाणी बंद केलं.”

“तुम्हाला माहीत नव्हतं,” कप्तान म्हणाले. “मला माहीत होतं.”

मॅडमनी अहवाल मिटून बाजूला ठेवला. मग हळू आवाजात म्हणाल्या, की जहाज दुरुस्त होण्यापलीकडे आहे. पुढचा भाग कापून संग्रहालयात ठेवतील. बाकीचं मोडतील. आणि लोक अजून फटभरणीबद्दल विचारतात, तर काका एखाद्या सुट्या फळीवर करून दाखवतील का?

कप्तान उठले. दार त्यांनी हळूच लावून घेतलं.

त्यांना कोणी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. कोणी दिल्या नाहीत. चहावाला चहा देताना हळहळायचा. रस्त्यात लोक ओळखायचे, हात हातात घ्यायचे, म्हणायचे, तुमचं जहाज गेलं हो. घरी बायको उशीच्या गोष्टीवर एक शब्द बोलली नाही. तेच त्यांना सगळ्यात जड गेलं. एकदा तेच म्हणाले, “तू म्हणाली होतीस.” ती म्हणाली, “जेवून घ्या.”

मग त्यांनी सूत काढायला सुरुवात केली. रोज फाटक उघडायच्या आत, डाव्या बाजूने, वरून खाली. डांबर खरवडायचं, आकडा आत घालायचा, ओढायचं. दोन वर्षांचं ठोकलेलं सूत फुगलेल्या लाकडात दगडासारखं झालं होतं. एक फट मोकळी व्हायला चार चार दिवस लागायचे. हाताला फोड आले, ते फुटले.

गाईड एकदा शिडीखाली येऊन उभा राहिला. या वेळी त्याला चेष्टा सुचेना.

“कप्तान, पुढच्या महिन्यात करवत लागणार आहे. आता हे कशाला?”

“मी घातलंय. मीच काढायला हवं.”

“कोणाला कळणार आहे?”

“करवतवाल्याला कळेल. तो लाकडातला माणूस असेल. आत बघेल आणि म्हणेल, कोणी केलं हे?”

“मग म्हणू दे ना. ऐकायला तुम्ही थोडेच असणार?”

कप्तानांनी आकडा ओढला. सूत वीतभर बाहेर आलं आणि तुटलं. “खाली उभा राहू नकोस,” ते म्हणाले. “डोळ्यात डांबर जाईल.”

ते मंगळवारी गेले. मंगळवारी बंदर पाहुण्यांना बंद असतं, म्हणून उशिरापर्यंत कोणी तिकडे फिरकलं नाही. दुपारी पहारेकऱ्याला ते शिडीच्या पायाशी बसलेले दिसले, पाठ जहाजाला टेकलेली. पडले नव्हते. छातीत कळ आली असावी, ते उतरून खाली बसले असावेत. पहारेकरी लांबूनच म्हणाला, “काका, घरी नाही का जायचं?” आणि मग जवळ गेला.

फाटकावर एक दिवस काळी फीत होती. बायको त्यांचा डबा आणि सदरा घेऊन गेली. मोगरी संग्रहालयाने मागून घेतली, तिने देऊन टाकली.

करवतीची माणसं सोमवारी येणार आहेत. शिडी अजून डाव्या बाजूला लावलेली आहे. वरून आठ फटी मोकळ्या झाल्या आहेत, त्यांतून पलीकडचा उजेड दिसतो. नववीतलं सूत अर्ध्यापर्यंत निघालं आहे आणि बाहेर लोंबतं आहे. जिथे ते आत जातं तिथे आकडा अडकलेला आहे. त्याखाली आणखी सतरा फटी आहेत, सगळ्या घट्ट भरलेल्या.