पणजीत गायलेली शांताक्का

शांताक्का गाण्याच्या आधी चौकशी करायची. आमच्या पलूस भागात लग्नाआधी घाणा भरतात. सवाष्णी मुसळाला हात लावून हळद कुटतात आणि गाणी म्हणतात. बाकीच्या बायका पाठ असलेलं सुरू करायच्या. आक्का आधी नवरीच्या आईला गाठायची. मामा कुठल्या गावचा, आजी हयात आहे का, कोण रुसून आलं नाही, सगळं विचारून घ्यायची. मग ती माणसं गाण्यात यायची. एकदा रुसलेल्या चुलत्याचं नाव तिने असं गुंफलं, की कुणीतरी त्याला फोन लावून ऐकवलं आणि तो संध्याकाळी जेवायला हजर झाला. "गानं पाठ करून काय करायचं गं," ती म्हणायची. "म्होरं माणूस बसलंय, त्याचं नाव घ्यावं."

ती माझ्या थोरल्या चुलत्यांची मुलगी, माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठी. तिची आई लवकर गेली, म्हणून ती आमच्याच घरी वाढली. सातवीनंतर शाळा सुटली, पुढे लोणंदला दिली. ती माहेरी आली की माझ्या आईचा आवाजच बदलायचा. मी घरातली पहिली कॉलेजात गेलेली, रोज एसटीने सांगलीला जाणारी. पण पाहुणे आले की माझ्या मार्कांवर एक वाक्य व्हायचं आणि लगेच कुणीतरी म्हणायचं, "शांते, म्हण की गं एखादं." मी आत जाऊन पुस्तक उघडायचे. त्यातली ओळही वाचली जायची नाही. लिहायला संकोच वाटतो, पण मला तिचा हेवा वाटायचा. फार वाटायचा.

बी.ए.च्या पहिल्या वर्षाला मला फर्स्ट क्लास मिळाला, तेव्हा तात्यांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, गोव्याची सहल ठरवली. ही सहल पोरीची, असं ते भेटेल त्याला सांगत होते. आईने लोणंदला फोन करून आक्कालाही बोलावलं. त्या दिवशी मी कुणाशी धड बोलले नाही.

पणजीत नदीमध्ये कॅसिनोच्या बोटी उभ्या असतात. तात्यांना त्या आतून बघायच्याच होत्या. तिकिटाच्या खिडकीवर माझं आधार कार्ड बघितलं आणि एकवीस वर्षांखालच्यांना प्रवेश नाही म्हणून सांगितलं. सहल माझी, आणि दारात अडवलं तेही मलाच. तात्या मागे फिरणार होते, पण आक्काने त्यांना थांबवलं. "आवं तात्या, तुमी आन् काकी जावा. मी बसती हिच्यापाशी. पत्त्याचं मला काय कवतिक, आमच्या दिराचा रोज तोच धंदा हाय." आई-तात्या हसत बोटीवर गेले.

दिवेलागणीची वेळ होती. काठाने चालताना एका जुन्या घराच्या अंगणातून गाणं ऐकू आलं. पंधरा-वीस माणसं पायऱ्यांवर उभी राहून गात होती, समोर खुर्च्या मांडलेल्या होत्या, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हाताने बोलावून बसवत होते. आम्ही मागे बसलो. शब्द कोकणी होते, चाल संथ. आक्का पदर हनुवटीला धरून ऐकत होती. शेवटी गाणाऱ्यांच्या म्होरक्या बाईंनी इंग्रजीत विचारलं, आपल्या गावचं गाणं कुणाला म्हणायचंय का? मी ते आक्काला सांगितलं. का सांगितलं, कुणास ठाऊक. ती नाही म्हणेल, घाबरेल, असं वाटलं असावं.

तिने फक्त विचारलं, "बाईचं नाव काय, इचार की."

मी उठून इंग्रजीत विचारलं. मारिया, त्या म्हणाल्या. मग आक्का पुढे गेली आणि आमच्या घाण्याच्या चालीवर तिने म्हटलं,

"पणजीच्या काठाला गं, दिवं लागलं पान्यात
मारियाबाई माझी, माय भेटली गान्यात."

अशा पाच-सहा ओव्या झाल्या. तिसरीला पायऱ्यांवरच्या बायकांनी तिची चाल उचलली. मारियाबाई डोळे पुसत होत्या. आक्काभोवती माणसं जमली, तेव्हा बाई माझ्याकडे आल्या. त्यांनी एका कार्डावर पत्ता लिहून दिला आणि सांगितलं, उद्या सकाळी दहाला हिला घेऊन या, आम्ही सगळ्या जमतो, हिची गाणी रेकॉर्ड करून ठेवायची आहेत. मी हो म्हटलं आणि कार्ड पर्समध्ये टाकलं.

बाहेर आल्यावर आक्काने विचारलं, "काय म्हनली गं बाई?"

"छान गायलीस म्हणे," मी सांगितलं.

"एवढंच?"

"एवढंच."

आई-तात्या परतले तेव्हा आक्काने स्वतःच्या गाण्याचं नावसुद्धा काढलं नाही. "आवं तात्या, तुमी हवं हुता. पोरगी भर माणसांत उभी राहून विंग्रजी बोलली. लय भारी." तात्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. किती वर्षं मला तो हात हवा होता. तो मिळाला, तो आक्काने मिळवून दिला, आणि माझ्या पर्समध्ये तिच्यासाठी दिलेलं कार्ड होतं. दुसऱ्या दिवशी दहा वाजता आम्ही समुद्रावर भेळ खात होतो.

त्यानंतर लग्नघरी आक्का गायला बसली की मी उठून बाहेर जायचे. आईला वाटायचं, कॉलेजात जाऊन हिला गावची गाणी नकोशी झाली.

आक्का गेली, त्याच्या महिनाभर आधी ती मिरजेला दवाखान्यात होती. पोटातलं दुखणं वाढत गेलं होतं, आवाज अगदी बारीक झाला होता. लेक्चर संपलं की मी तिच्याजवळ जाऊन बसायचे. एका दुपारी मी सगळं सांगून टाकलं. कार्ड, दहाची वेळ, रेकॉर्डिंग, आणि मी का लपवलं तेही. दोन वर्षं झाली होती त्याला. ती रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. तिने उशीवरून मान माझ्याकडे वळवली.

"म्हंजे ती मारियाबाई दुसऱ्या दिशी आपली वाट बघत बसली असंल न्हवं?"

मी म्हटलं, असेल.

"बाया बी गोळा केल्या असतील बिचारीनं." मग तिने विचारलं, "किती वाजेस्तोवर बसल्या असतील गं?"

दोन वर्षांत माझ्या मनात हे एकदाही आलं नव्हतं.